पॉइंटांची अढी

क्रेडिट कार्डाच्या एका पॉइंटचे पैसे किती, हे कुठलीही बँक जाहिरातीच्या पहिल्या ओळीत लिहीत नाही. तिथे असतं 'दर 150 रुपयांमागे 4 पॉइंट', 'शनिवार-रविवारी दुप्पट', 'स्वागतभेट 5,000 पॉइंट'. पाच हजार म्हटलं की कानाला बरं वाटतं. पण पॉइंट वीस पैशांचा असेल तर ते हजार रुपये झाले, आणि रुपयाचा असेल तर पाच हजार. मॉलच्या सरकत्या जिन्यापाशी टाय लावलेली दोन पोरं शेजारशेजारच्या टेबलांवर दोन बँकांची कार्डं विकत असतात. दोघांच्याही तोंडी 'पॉइंट' आणि दोन पॉइंटांच्या किमतीत पाचपट फरक. किंमत विचारली तर दोघंही सांगतात, "मॅडम, लाइफटाइम फ्री आहे."

मी हिशोबाच्या कामात केस पांढरे केलेली बाई. त्यामुळे माहीमच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आणि नातेवाइकांत कुणाला कार्डाचं स्टेटमेंट कळेनासं झालं की ते माझ्याकडे येतं, बहुतेकदा व्हॉट्सअ‍ॅपवर, अर्ध्यात कापलेल्या स्क्रीनशॉटच्या रूपात. सगळ्यांचा प्रश्न ठरलेला: जास्त पॉइंट कुठल्या कार्डावर मिळतात? माझ्या मते हा प्रश्नच उलटा आहे. पॉइंट मिळवायला अक्कल लागत नाही, खर्च केला की ते पडतातच. ते कशात घालवायचे, इथे खरी मेख आहे, आणि नेमकं तिथेच आपलं मध्यमवर्गीय मन अडतं. जमवायचं कसं, हे आपण लहानपणापासून बघत आलोय. पोस्टाचं पुस्तक, भिशी, पतपेढीतली ठेव, पाडव्याला गुंजभर सोनं. जमवलेलं वेळेत मोडायला मात्र आपला हात धजत नाही. ठेवीच्या बाबतीत हा गुण. पॉइंटांच्या बाबतीत हाच गुण अंगाशी येतो, कारण ठेवीवर व्याज चढतं आणि पॉइंट नुसते पडून असतात.

आधी गणित बघू. एका कार्डावर 150 रुपयांना 4 पॉइंट मिळतात असं धरा. ते बिलातून वजा करून घेतले तर बँक पॉइंटमागे समजा 20 पैसे धरते. म्हणजे 150 रुपयांवर 80 पैसे, अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. तेच पॉइंट बँकेच्या साइटवरून विमानाच्या तिकिटाला लावले तर कित्येक कार्डांवर पॉइंट 50 पैशांचा होतो आणि परतावा जातो 1.33 टक्क्यांवर. खर्च तोच, कार्ड तेच, शेवटी दाबलेलं बटण तेवढं वेगळं. शिवाय बऱ्याच बँका दीडशेचा हिशोब प्रत्येक व्यवहाराला वेगळा धरतात. त्यामुळे 140 रुपयांच्या औषधांवर भोपळा, आणि 290 च्या किराण्यावर चारच पॉइंट. आणखी एक गोम म्हणजे पॉइंट वटवायची फी. 99 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ 117 रुपये. पाचशे रुपयांचे पॉइंट वटवणाऱ्याच्या हातात 383 उरतात. चार-चारशे, पाच-पाचशेचे पॉइंट दर महिन्याला वटवत बसणारे लोक मी पाहिलेत. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा प्रकार.

सगळ्यांत पडेल भाव मिळतो तो वस्तूंच्या कॅटलॉगात. ट्रॉली बॅग, हँड ब्लेंडर, बेडशीटचा जोड, नॉनस्टिक कढई. आमच्या सासूबाईंना त्यांच्या भाच्याने अशी एक कढई पॉइंटांतून आणून दिली. फुकट ते पौष्टिक, म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. सासूबाईंनी मात्र ती उलटीपालटी करून पाहिली, बुडाशी नखाने टिचकी मारली आणि विचारलं, "दादरला केवढ्याला मिळते?" भाचा गप्प. मी शोधली. त्याने 6,000 पॉइंट मोजले होते आणि तीच कढई भांड्यांच्या दुकानात 1,200 ला होती. तेच पॉइंट तिकिटाला लावले असते तर त्याचे 3,000 झाले असते. कढई चांगली आहे, अजून वापरात आहे. पण ती बाराशेची आहे की तीन हजारांची, यावर त्या दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.

या कटकटीतून सुटायचं असेल तर कॅशबॅक कार्ड, म्हणजे पॉइंटांऐवजी रुपयेच परत देणारं कार्ड, हा साधा मार्ग. अमेझॉन आणि आयसीआयसीआयचं कार्ड 2018 मध्ये आलं: प्राइम सदस्याला अमेझॉनवर 5 टक्के, बाहेर बहुतेक ठिकाणी 1 टक्का. स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीने 2022 मध्ये कॅशबॅक नावाचंच कार्ड काढलं, बहुतेक ऑनलाइन खरेदीवर 5 आणि दुकानात 1 टक्का, महिन्याला ठरावीक मर्यादेपर्यंत. अटी पुढे बदलत राहतात, त्या घेताना वाचाव्यात. पण रुपया हा रुपयाच राहतो, त्याचा भाव बँकेला रात्रीत पाडता येत नाही. ज्यांना विमानाने फारसं फिरायचं नाही, ज्यांना एक्सेल बघून मळमळतं, त्यांना मी डोळे झाकून कॅशबॅकच सुचवते. माझ्या दिराला हे अजिबात पटत नाही.

दीर ठाण्याला असतात. पाकिटात कार्डांची चळत, प्रत्येक कार्डावर बारीक अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी: 'पेट्रोल', 'हॉटेल', 'फक्त ऑनलाइन'. जेवायला गेलो की बिल आल्यावर ते त्या चिठ्ठ्या चाळतात आणि वेटर मशीन हातात धरून या पायावरून त्या पायावर होत राहतो. त्यांचा बेत होता जपानचा. बिझनेस क्लासने, दोघांनी, चेरीच्या बहरात. त्यासाठी त्यांनी कित्येक वर्षं एका पॉइंटला हात लावला नाही. मुलाच्या पुण्याच्या तिकिटालाही नाही, घरातला फ्रिज गेला तेव्हाही नाही. मग एके दिवशी बँकेकडून ईमेल आला की पॉइंटांचं विमान कंपनीच्या मैलांत (म्हणजे तिच्या तिकिटांसाठीच्या पॉइंटांत) रूपांतर आजवर एकास एक होतं, ते पुढच्या महिन्यापासून दोनास एक होईल. दोन लाखांचे एक लाख झाले. ईमेल त्यांनी वाचला तेव्हा 'पुढचा महिना' उजाडून गेला होता.

"वहिनी, हा सरळसरळ दरोडा आहे."

"भाऊजी, फॉर्मवर सही करताना तुम्हीच मान्य केलंय. अटी बदलायचा हक्क त्यांनी राखून ठेवलेला असतो."

"पण इतकी वर्षं मी साठवले त्याचं काय?"

साठवले हेच चुकलं, हे मी बोलले नाही. घरचं माणूस. पण मला आठवली ती आपल्याकडची हापूसची पेटी. पेटी घरी आली की आपण काय करतो? अढी लावतो, चांगले आंबे बाजूला ठेवतो, नणंद येईल, पाहुणे येतील म्हणून. आणि रोज सकाळी अढी चाचपून ज्याला डाग पडलाय तो आधी संपवतो. पेटी रिकामी होईपर्यंत घरातली माणसं उतरलेलेच आंबे खात असतात. पॉइंटांचं तसंच. बहुतेक कार्डांवर दोन किंवा तीन वर्षांनी ते बाद होतात. जे बाद होत नाहीत त्यांचा भाव घसरतो. बाद झालेला प्रत्येक पॉइंट बँकेच्या डोक्यावरचं देणं कमी करतो, त्यामुळे तुम्ही विसरलात तर बँकेला त्याचं दुःख नसतं.

विमान कंपन्यांच्या मैलांची तर गोष्टच निराळी. जेट एअरवेज ही आपल्या मुंबईची कंपनी. 17 एप्रिल 2019 च्या रात्री तिचं शेवटचं विमान अमृतसरहून निघालं आणि मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरलं. मैलांची योजना वेगळ्या कंपनीकडे होती म्हणून मैल वाचले, योजनेला नवं नाव मिळालं. पण ज्या विमानांसाठी लोकांनी मैल जमवले होते ती विमानंच जमिनीवर. त्यानंतर 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिथे मैल बुडाले नाहीत, दुसऱ्या योजनेत वळते झाले, पण विस्ताराच्या नावाची जी कार्डं लोकांनी हौसेने घेतली होती त्यांचं प्रयोजन संपलं. ज्याचा भाव आणि आयुष्य दोन्ही दुसऱ्याच्या हातात, असं चलन घरात दहा वर्षं साठवून ठेवायचं नसतं.

आता हे पैसे येतात कुठून, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. रानडे रोडवर एका कपड्यांच्या दुकानात सुनेसाठी साडी घेतली. काउंटरवरच्या काकांनी बिल लिहिलं, कार्ड बघितलं आणि पेन थांबवलं. "कार्डाला दोन टक्के पडतील हं. जीपे करता का?" मशीन देणाऱ्या बँकेशी केलेल्या करारात अशी वेगळी आकारणी सहसा बसत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पण त्यांचंही खोटं नव्हतं. क्रेडिट कार्डाने झालेल्या विक्रीवर दुकानदाराला साधारण दीड ते अडीच टक्के द्यावे लागतात. त्यातला मोठा वाटा तुमचं कार्ड काढणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यातला थोडा तुमच्याकडे पॉइंट होऊन परत येतो. यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर मात्र जानेवारी 2020 पासून दुकानदाराला हा आकार नाही, म्हणून जीपेचा आग्रह.

दोन टक्के जास्त देऊन दीड टक्क्याचे पॉइंट घेण्यात अर्थ नाही, एवढं मला शाळेतलं गणित येतं. मी जीपे केलं. पण मोठ्या दुकानात, मॉलमध्ये कुणी वेगळे दोन टक्के मागत नाही. तिथे ते किमतीतच घातलेले असतात, रोख देणाऱ्यालाही आणि कार्डवाल्यालाही. अमेरिकेत बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये याचा हिशोब मांडला होता. रोखीने व्यवहार करणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या खिशातून वर्षाला 149 डॉलर कार्डवाल्यांकडे जातात आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला त्यातून 1,133 डॉलर मिळतात. आपल्याकडे यूपीआयमुळे चित्र वेगळं आहे, आकडेही वेगळे असणार. पण पॉइंट आकाशातून पडत नाहीत, एवढं त्यावरून कळतं.

दुसरा झरा म्हणजे व्याज, आणि तो मोठा. महिन्याला साडेतीन, पावणेचार टक्के. वर्षाला 42 ते 45. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांच्या वरचं व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, त्यामुळे ती मर्यादाही आता नाही. माझ्याकडे एक शेजारीण आपल्या मुलाचं स्टेटमेंट घेऊन आली. बिल 40,000. मुलाने 'मिनिमम ड्यू', म्हणजे त्या महिन्याला भरायलाच हवी ती किमान रक्कम, एवढंच वाचलं आणि तेवढेच, पाच टक्के, म्हणजे 2,000 भरले. त्याला वाटलं, महिना सुटला. राहिलेल्या 38,000 वर पावणेचार टक्क्यांनी महिन्याचं व्याज 1,425, त्यावर जीएसटी 256. म्हणजे 1,680 च्या घरात. त्या चाळीस हजारांवर त्याला मिळालेले पॉइंट होते चारशे रुपयांचे. त्यातून मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरचे पंचेचाळीस-पन्नास बिनव्याजी दिवसही जातात. आज घेतलेल्या वडापावावर आजपासून व्याज. मी त्या मुलाला सांगितलं, आधी एफडी मोड आणि हे फेड. आई म्हणाली, "एफडी कशाला मोडायची, त्यावर सात टक्के मिळतायत." पुन्हा तेच! सात मिळवायला पंचेचाळीस द्यायचे, पण ठेव मोडायची नाही.

कार्डाचं संपूर्ण बिल वेळेत भरता येत नसेल त्याने पॉइंटांचा विचारसुद्धा करू नये. हे वाक्य मी सगळ्यांना ऐकवते, आणि सगळे 'हो हो' म्हणतात.

भारतात पहिलं बँकेचं क्रेडिट कार्ड आणलं ते आपल्याच मुंबईतल्या सेंट्रल बँकेने, 1980 मध्ये. त्या काळात आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या गल्ल्यावर 'आज रोख उद्या उधार'ची पाटी होती आणि शेजारी उधारीची लाल वहीही होती. पाटी अनोळखी माणसांसाठी, वही ओळखीच्यांसाठी. वाणी उधारीवर व्याज लावत नसे, पण महिन्याच्या एक तारखेला दारात उभा राहत असे. कार्डाची बँक दारात येत नाही. ती वाट बघते.

मासळीबाजारातही आता कार्ड पोहोचलंय, जवळजवळ. सप्टेंबर 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, क्यूआर स्कॅन करून क्रेडिटवर पैसे देता येतात. छोट्या दुकानदाराला 2,000 रुपयांपर्यंत त्याचा आकारही पडत नाही. म्हणजे रोजच्या भाजी-मासळीवरही पॉइंट, म्हणून मीही एक असं कार्ड जोडून घेतलं. सिटीलाइटला माझी नेहमीची कोळीण आहे. सुरमईचे तुकडे पाडून झाले, तिने ओल्या हाताने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला क्यूआर पुढे केला, मी स्कॅन केला, क्रेडिट कार्ड निवडलं आणि व्यवहार नाकारला गेला. पुन्हा केला, पुन्हा तेच. ती म्हणाली, "बाय, ते क्रेडिटचा नाय चालत. पोराच्या नावाचा हाय ना तो." तिने एका वाक्यात सांगितलं ते बँकेच्या माहितीपत्रकात दोन पानं आहे. क्यूआर व्यापारी खात्याचा असेल तरच क्रेडिट चालतं, घरच्या माणसाच्या साध्या खात्याचा असेल तर नाही. बचत खात्यातून पैसे दिले. तिला वाईट वाटलं बहुतेक, पिशवीत दोन बोंबील जास्त टाकले. तेवढ्या पैशांवर कुठल्याच कार्डाने दोन बोंबलांइतका परतावा दिला नसता.

मुंबईकराचा सगळ्यांत मोठा खर्च म्हणजे घरभाडं, त्यामुळे पॉइंटवाल्यांनी आधी भाड्यावर झडप घातली. अ‍ॅपवरून भाडं भरायचं, पॉइंट घ्यायचे. काही बहाद्दरांनी तर राहत्या घराचं 'भाडं' बायकोला, सासूला, मित्राला पाठवून पैसे फिरवून आणले. एक गृहस्थ आमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत, मालकीच्या घरात राहून ते आईला भाडं देत होते. 2022 पासून बँकांनी भाड्यावर एक टक्का फी लावायला सुरुवात केली, कित्येकांनी पॉइंट बंद केले. सप्टेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकाचे पैसे दुकानदाराकडे पोचवणाऱ्या कंपन्यांचे, म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटरांचे नियम आवळले तेव्हा मोठ्या अ‍ॅपांनी ही सोयच गुंडाळली. पेट्रोल, वॉलेट, विमा, सरकारी भरणा यांवरही बऱ्याच कार्डांवर पॉइंट नाहीत किंवा नावापुरते आहेत. सोसायटीचा मेंटेनन्स कार्डाने भरता येतो, पण अ‍ॅपची 'सुविधा फी' दीड-दोन टक्के.

आणि बिल्डिंगभराचे मोबाइल, टीव्ही आपल्या कार्डावर घेऊन त्यांच्याकडून रोख किंवा जीपे घेणारे जे परोपकारी आहेत त्यांना एक सांगायचंय. वर्षाला कार्डाची बिलं मिळून दहा लाख किंवा जास्त भरली, किंवा रोखीत एक लाख भरले, की बँक ते आयकर खात्याला कळवते. तुमचं उत्पन्न आठ लाख आणि कार्डाचा खर्च चौदा लाख दिसला तर विचारणा होऊ शकते. कुणाचा टीव्ही कुणी घेतला याची वही तेव्हा हाताशी असावी.

कार्ड दाखवून जवळजवळ फुकटात जाता येतं त्या विमानतळावरच्या लाउंजबद्दल मला फार बोलायचं नाही, पण गप्पही बसवत नाही. पहाटेची फ्लाइट, मुंबई विमानतळावर लाउंजच्या दाराशी बाहेरपर्यंत रांग. मशीनवर कार्ड घासायचं, दोन रुपये कापले जातात, आत जायचं. आत गरम इडली, कोमट उपमा, चार प्रकारचे रस आणि बसायला जागा नाही. माझ्या पुढे उभ्या एका गृहस्थांना मशीनने नाकारलं, कारण मागच्या तिमाहीत ठरलेला खर्च झाला नव्हता. ही अट आता बऱ्याच कार्डांना आहे. ते मागे वळून बायकोला म्हणाले, "सांगत होतो, सोफा याच कार्डावर घेऊ." पहाटे साडेचार वाजता, तीनशे रुपयांच्या नाश्त्यासाठी, तीस हजारांच्या सोफ्याची हळहळ. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून पराठ्यांचा डबा काढला.

खर्चाची अट पुरी करण्यासाठी खर्च करणं, हीच सगळ्यांत महाग सवय. वार्षिक फी माफ व्हायला तीन लाख हवेत आणि अडीच झालेत, म्हणून पन्नास हजारांचं काहीतरी शोधत फिरणारी माणसं असतात. फी किती? 2,500. त्यातही बरेच जण मार्च अखेरीस धावपळ करतात, तर कार्डाचं वर्ष मोजलं जातं कार्ड मिळालं त्या महिन्यापासून. पन्नास हजारांचा खर्च होणारच असेल, मुलाची कॉलेजची फी, घराचं रंगकाम, तर तो त्या महिन्यांत आणावा. नसेल तर अडीच हजार भरून मोकळं व्हावं, किंवा कार्डच बंद करावं.

परदेशी जाणाऱ्यांनी एवढंच बघावं की बहुतेक कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे वरची आकारणी, आणि त्यावर जीएसटी, मिळून 4.13 टक्के जातात. दोन टक्क्यांचे पॉइंट मिळाले तरी दोन टक्क्यांचा खड्डा उरतो. तिथल्या दुकानात मशीनने 'रुपयांत की स्थानिक चलनात' असं विचारलं तर स्थानिक चलन निवडावं. रुपये निवडले की दुकानाच्या मशीनचा भाव लागतो, तो बहुतेकदा महाग, आणि वर आपल्या अनेक बँका त्या व्यवहारावरही एक टक्का लावतात.

मी काय करते? दोन कार्डं. एक कॅशबॅकचं, ऑनलाइन खरेदीसाठी. दुसरं पॉइंटचं, तिकिटं आणि मोठ्या खरेदीसाठी. दोन्हींची बिलं खात्यातून आपोआप पूर्ण जातात, 'मिनिमम' नव्हे, 'टोटल'. दिवाळीच्या सेलमध्ये कार्डावर दहा टक्के तात्काळ सूट असते, बहुतेक हजार-दीड हजारांच्या मर्यादेत. ती मी सोडत नाही, कारण सूट तिथल्या तिथे हातात पडते. 'नो कॉस्ट ईएमआय' मात्र टाळते. त्यात व्याजाची रक्कम सूट म्हणून परत दिलेली असते, पण व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच माथी, आणि ईएमआयवर पॉइंटही सहसा नसतात. पॉइंट वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तिकिटांना लावून खातं रिकामं करते. थोडे उरलेच तर बिलातून वजा. भाव कमी मिळाला तरी चालेल, उरलेले मागे ठेवत नाही.

दिरांनी जपानचा बेत अर्धा केला. बिझनेस क्लासऐवजी साधी तिकिटं, तीही पॉइंटांत जाण्याची आणि पदरच्या पैशांनी येण्याची. "निदान बहर तरी तोच आहे," असं जाऊबाई म्हणाल्या.

मध्यंतरी मी एक तिसरं कार्ड बंद केलं, कधीकाळी ऑफिसात आलेल्या मुलाच्या आग्रहाखातर घेतलेलं. आधी त्यावरचे सगळे पॉइंट काढून घेतले, कारण कार्ड बंद झालं की ते बुडतात. मग कस्टमर केअरला फोन केला. पलीकडचा मुलगा मराठीच होता.

"मॅडम, तुम्ही आमच्या खूप जुन्या ग्राहक आहात. यंदाची फी पूर्ण माफ करतो. वर दोन हजार पॉइंट देतो."

"तुमच्या पॉइंटचे किती पैसे होतात?"

तो थोडा थांबला. "आपल्याला कॅटलॉगमधून निवडता येईल. ट्रॉली बॅग आहे, डिनर सेट आहे, नॉनस्टिक कढई..."

"बंदच करा."

"ठीक आहे मॅडम. काही कारण?"

"कढई आहे घरात."

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सगळी बाकी चुकती असेल तर विनंती केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला 500 रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. दंडाची वेळ आली नाही, मुदतीच्या आत कार्ड बंद झाल्याचा मेसेज आला. पुढच्याच आठवड्यात त्याच बँकेतून एका मुलीचा फोन आला. माझं प्रोफाइल उत्तम असल्यामुळे माझी एका खास कार्डासाठी निवड झाली होती, लाइफटाइम फ्री, स्वागतभेट 5,000 पॉइंट.